सहाशे मिलिमीटर म्हणजे नेमके किती?

भोसरीतील एका छोट्या कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्याचे पत्र आले आहे. ड्रोनच्या नियंत्रण-सिग्नलची दिशा शोधणारे, चार अँटेनांचे रिसीव्हर ही कंपनी बनवते. सिग्नल २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झचे आहेत. अँटेनापासून रिसीव्हरपर्यंतच्या केबल्स त्यांनी बाहेरून करून घेतल्या आणि पर्चेस ऑर्डरवर एवढेच लिहिले: "एसएमए मेल ते एसएमए मेल, ५० ओहम, लांबी ६०० मिमी, लो लॉस, ६ गिगाहर्ट्झपर्यंत, ४० नग." (एसएमए हा पेचाने आवळायचा छोटा कनेक्टर; मेल म्हणजे मध्ये पिन असलेला.) पुरवठादाराने पाठवलेल्या ड्रॉइंगवर लांबीपुढे ±५ मिमी असे होते. त्यावर सही झाली आणि माल आला. आता दहाही संचांत दाखवलेली दिशा वेगवेगळी चुकते, आणि केबल्सची अदलाबदल केली की चूकही बदलते. पुरवठादार म्हणतो, माल ड्रॉइंगप्रमाणे आहे. वरिष्ठ म्हणतात, पुरवठादार बदला. पत्रलेखक विचारतात की चूक कोणाची, आणि पुढची ऑर्डर कशी लिहावी.

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कागदावर पुरवठादार बरोबर आहे. त्याने मागितलेली वस्तू दिली. फक्त तुम्हाला हवी असलेली वस्तू ती नव्हती. दुसरा पुरवठादार गाठून हीच ऑर्डर त्याला दिलीत, तर फार तर चुकांचा आकार बदलेल.

आधी हिशेब पाहू. चारही अँटेनांवर लहर एकमेकांच्या तुलनेत किती मागेपुढे आहे, म्हणजे तिची फेज, यावरून तुमचा रिसीव्हर दिशा काढतो. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची हवेतील लांबी सुमारे ५२ मिमी असते. भरीव टेफ्लॉनच्या केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या सुमारे ७० टक्के वेगाने जातो, म्हणून तीच लहर केबलमध्ये जेमतेम ३६ मिमीची होते. छत्तीस मिलिमीटरला ३६० अंश, म्हणजे एका मिलिमीटरला १० अंश फेज. ±५ मिमीच्या मुभेत एक केबल ५९५ आणि तिची जोडीदार ६०५ मिमीची निघाली, तर दोघींत १०० अंशांचा फरक पडतो आणि तरीही दोन्ही तपासणीत पास होतात. तुमचे अँटेना अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर आहेत असे धरले, तर अगदी समोरून येणारा सिग्नल ३० अंशांहून अधिक बाजूला दिसेल. तुमच्या पत्रातली सगळी लक्षणे या एका आकड्यात बसतात. २.४ गिगाहर्ट्झवर हाच फरक मिलिमीटरला सुमारे ४ अंश एवढाच असतो, त्यामुळे त्या पट्ट्यात फेजची चूक सौम्य दिसत असेल. तसे असेल तर निदानाबद्दल शंका उरत नाही.

यातून पुढच्या ऑर्डरचा पहिला नियम निघतो. तुमच्या कामात केबलची लांबी ही मिलिमीटरमध्ये सांगण्याची गोष्ट नाही. मिलिमीटरमधली लांबी पेटीत केबल बसण्यापुरती हवी, आणि तिथे ±५ काय, ±१० मिमीही चालेल. खरी अट विद्युत लांबीची, म्हणजे सिग्नलला केबल पार करायला लागणाऱ्या वेळेची आहे. ती फेजच्या अंशांत किंवा पिकोसेकंदांत लिहायची, आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीला हेही सोबत लिहायचे. फ्रिक्वेन्सी न सांगता "±३ अंश" लिहिणे निरर्थक आहे, कारण ६ गिगाहर्ट्झवरचे ३ अंश २ गिगाहर्ट्झवर १ अंशच असतात. नेहमी आपल्या पट्ट्यातील सर्वांत वरची फ्रिक्वेन्सी धरावी.

आता अंश किती मागायचे? इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो आणि ते ±१ अंश लिहून मोकळे होतात. तुम्ही उलट दिशेने या. दिशा किती अचूक हवी? समजा २ अंश. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराला याचा अर्थ फेजमध्ये साधारण ६ अंश होतो. त्यातला अर्धा वाटा अँटेना आणि रिसीव्हरला ठेवला, तर केबल्सच्या वाट्याला ±३ अंश येतात, म्हणजे केबलमध्ये ०.३ मिमी. कात्री आणि फुटपट्टी यांनी एवढी अचूकता साधत नाही. त्यासाठी कारागिराला केबल व्हीएनए या फेज मोजणाऱ्या यंत्राला जोडून, मोजत मोजत कापावी लागते, आणि तुम्ही त्या वेळेचे पैसे देत असता. ±१ अंश मागितलात तर किंमत तर चढेलच, पण फायदाही पदरात पडणार नाही. तुमच्या अँटेनाचा व्हीएसडब्ल्यूआर (सिग्नल किती परत फिरतो याचे माप; १ म्हणजे अजिबात नाही) २ आणि रिसीव्हरचा १.५ असेल, तर सिग्नलचा थोडा भाग दोन्ही टोकांवरून परत फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळून फेज हलवतो. मधल्या केबलमध्ये एक डेसिबल लॉस, म्हणजे सिग्नलची घट, धरला तरी हे हलणे दोन्ही बाजूंना ३ अंशांपर्यंत जाते, आणि चारही वाहिन्यांत ते सारखे असण्याची खात्री नसते. ज्या घराचे दार तीन अंश वाकडे आहे त्याच्या कडीला एका अंशाची अचूकता देऊन काय साधणार? जास्तीचे पैसे अँटेनाची जुळणी सुधारण्यावर खर्च करा.

पुरवठादाराशी बोलताना मी हा हिशेब त्याच्यापासून लपवत नाही. आपल्याकडे एक जुनी सवय आहे. आपण काय बनवतो हे सांगितले तर पुरवठादार भाव वाढवील, किंवा प्रतिस्पर्ध्याला सांगेल, या भीतीने केवळ पार्ट नंबर आणि लांबी कळवायची. गुप्ततेचा करार करायला एक दिवस लागतो. तो करा आणि मग मोकळेपणाने सांगा की चार केबल्स एका संचात राहणार आहेत, सिग्नल घेणाऱ्या आहेत, शक्ती नगण्य आहे, पेटी छतावर उन्हात राहील आणि एकदा बसवल्यावर केबल हलणार नाही. एवढ्या चार-पाच वाक्यांत चांगला पुरवठादार तुम्हाला कदाचित वेगळीच केबल सुचवील. हलणारच नसेल तर लवचीक आरजी-३१६ कशाला, हाताने वाकवून बसवण्याची आरजी-४०२ जातीची केबल घ्या, असे तो म्हणेल. तिचा लॉस कमी, फेज अधिक स्थिर, आणि एकदा वाकवलेला आकार ती सोडत नाही. हा सल्ला त्याच्याकडून मिळण्यासाठी त्याला तुमचे काम ठाऊक असावे लागते. पार्ट नंबर वाचून तो फक्त पार्ट देऊ शकतो.

इथेच "लो लॉस" या शब्दांची वासलात लावू. ते विशेषण आहे, अट नव्हे. लॉस डेसिबलमध्ये लिहा, दोन्ही कनेक्टर धरून लिहा आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला लिहा. पुष्कळदा कोटेशनमध्ये १ गिगाहर्ट्झचा आकडा असतो आणि तो छान दिसतो. तारेतला लॉस फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि डायलेक्ट्रिकमधला, म्हणजे तारेभोवतीच्या इन्सुलेशनमधला, थेट फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात, त्यामुळे १ गिगाहर्ट्झचा आकडा ६ गिगाहर्ट्झवर किमान अडीचपट होतो. तुमच्या यंत्रात केबल अँटेना आणि पहिल्या ॲम्प्लिफायरच्या मध्ये आहे की नंतर, हे पत्रावरून कळत नाही. मध्ये असेल, तर केबलमधला एक डेसिबल सरळ रिसीव्हरच्या नॉइज फिगरमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गोंगाटाच्या मापात, मिळतो आणि लॉसची अट कडक हवी. ॲम्प्लिफायर अँटेनाशीच असेल, तर लॉसवर पैसे घालवू नका.

फेज जुळवण्याच्या अटीत एक बारकावा आहे, आणि वर्ष-दीड वर्षाने एखादी केबल खराब झाल्याशिवाय तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. "चार केबल्स एकमेकींशी जुळलेल्या" आणि "प्रत्येक केबल ठरलेल्या विद्युत लांबीची" या दोन वेगळ्या अटी आहेत. पहिली स्वस्त पडते, कारण पुरवठादार त्या दिवशी चार केबल्स कशाही बनवून एकमेकींशी जुळवतो. पण चारांपैकी एक बिघडली की तिच्या जागी दुसरी बसत नाही आणि पूर्ण संच बदलावा लागतो. दुसऱ्या अटीत प्रत्येक केबल एका ठरीव आकड्याशी किंवा पुरवठादाराकडे जपून ठेवलेल्या मूळ केबलशी जुळवली जाते, आणि तीन वर्षांनीही तुम्ही एकच नग मागवू शकता. दहा संच विकून त्यांची देखभाल तुम्हालाच करायची असेल, तर माझा कौल दुसऱ्या अटीला आहे. तिची मुभा थोडी सैल ठेवा, पण ती निवडा.

सैल कशाच्या बळावर ठेवायची? कॅलिब्रेशनच्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत आणि त्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात. तिथे कोणी सगळे फायबर एकाच लांबीचे कापत बसलेले नाही. निरीक्षणाच्या दरम्यान अधूनमधून ज्ञात जागेच्या आकाशस्थ स्रोताकडे दुर्बिणी वळवतात आणि वाहिन्यांतील फेजचा फरक गणिताने काढून टाकतात. तुम्हालाही हे जमेल. कारखान्यात प्रत्येक रिसीव्हरच्या चारही वाहिन्यांना एकाच स्रोताचा सिग्नल देऊन फरक मोजा आणि दुरुस्तीचा तक्ता सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. मग सुरुवातीचा फरक ३ अंश होता की १५, याला महत्त्व राहत नाही.

महत्त्व राहते ते फरक नंतर न बदलण्याला, कारण तक्ता एकदाच होतो आणि केबल रोज उन्हात तापते. तुमच्या ऑर्डरमध्ये नेमका याबद्दल एक शब्द नाही. भरीव टेफ्लॉनचा स्वभाव असा की सुमारे १९ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची अंतर्गत रचना बदलते आणि तेवढ्या छोट्या पट्ट्यात केबलची फेज एकदम सरकते. पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे आणि दुपारी छतावरची पेटी हे तापमान दिवसातून दोनदा ओलांडते. चारही केबल्स एकाच रिळातल्या आणि एकाच तापमानात असतील, तर चारही सारख्याच सरकतात आणि फरक शून्य राहतो. एक केबल उन्हाकडच्या भिंतीला आणि दुसरी सावलीत अशी मांडणी असेल, तर तक्ता कामाचा राहत नाही. म्हणून ऑर्डरमध्ये लिहा की एका संचातील चारही केबल्स एकाच रिळातील असाव्यात आणि संपूर्ण तापमान-कक्षेत त्यांच्यातील आपसातला फरक अमुक अंशांच्या आत राहावा. आणि तुमच्या यांत्रिक विभागाला सांगा की चारही केबल्स शेजारी-शेजारी न्याव्यात. हे दुसरे काम फुकटचे आहे आणि अनेकदा पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. तापमानाची अडचण त्यानेही सुटली नाही, तर फुगवलेल्या टेफ्लॉनच्या किंवा सिलिका भरलेल्या केबल्सचा विचार करा, पण त्यांची किंमत ऐकून आधी बसून घ्या.

मोजमाप कसे करायचे हे लिहिल्याशिवाय कुठलाही आकडा लिहू नका. तुमच्याकडील व्हीएनए आणि पुरवठादाराचा व्हीएनए वेगवेगळे आकडे दाखवतील आणि दोघेही खरे बोलत असतील. कॅलिब्रेशन कोणत्या किटने, मोजणी किती तापमानात, केबल सरळ ठेवून की पेटीत ज्या आकारात बसणार त्या आकारात, नट किती टॉर्कने आवळून, हे सारे ठरवून घ्या. पोलादी एसएमएला साधारण ०.९ न्यूटन-मीटर आणि पितळीला ०.५६ न्यूटन-मीटर टॉर्क लावतात. तुमच्या जोडणीविभागात टॉर्क पाना नसेल, तर केबल्सच्या आधी तो मागवा, कारण हाताने आवळलेल्या एसएमएवर काही अंशांचा फरक सहज येतो आणि त्याचा दोष केबलला लागतो. प्रत्येक केबलवर अनुक्रमांक आणि त्या क्रमांकाची टचस्टोन फाइल, म्हणजे व्हीएनएच्या मोजणीच्या आकड्यांची फाइल, मागा. छापील आलेख पुरत नाही. फाइल हाती असेल तरच तुम्ही आपल्या मोजणीशी तुलना करू शकता.

व्हीएसडब्ल्यूआरबद्दल फार लिहीत नाही. १.२५ म्हणजे १९ डेसिबल रिटर्न लॉस, म्हणजे परत फिरणारा सिग्नल मूळपेक्षा तेवढा क्षीण. तुमच्या कामाला तो भरपूर झाला. कमाल मर्यादा लिहा, "टिपिकल" हा शब्द स्वीकारू नका.

यांत्रिक बाजूला एक आठवण सांगतो, माझ्याच चुकीची. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दोन्ही टोकांना काटकोनी कनेक्टर असलेल्या वीस आखूड केबल्स मागवल्या. एक कनेक्टर दुसऱ्याच्या तुलनेत कोणत्या दिशेला वळलेला हवा, हे मी लिहिले नव्हते. माल आला तेव्हा निम्म्या केबल्सची तोंडे एका बाजूला आणि निम्म्यांची विरुद्ध बाजूला होती, आणि केबल पीळ न देता बसत नव्हती. पीळ दिलेल्या केबलची बाहेरची धातूची जाळी कनेक्टरपाशी तुटते, हे मग सहा महिन्यांत कळले. काटकोनी कनेक्टर असतील तर दोघांमधला कोन, आणि लांबी कुठून कुठे मोजायची, म्हणजे कनेक्टरच्या संदर्भ-पृष्ठापासून की मधल्या अक्षापासून, हे चित्रातच दाखवावे. शब्दांत लिहिलेले चुकीचे वाचले जाते. एसएमए मागताना साधा एसएमए की रिव्हर्स पोलॅरिटी (मधली पिन आणि भोक यांची अदलाबदल केलेला), हेही स्पष्ट करा. वायफायच्या अँटेनांवर दुसरा प्रकार असतो, बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, जुळून बसल्यासारखेही वाटतात, आणि आतले मधले संपर्क एकमेकांशी नीट जुळतच नाहीत. तुमचे काम २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झचे असल्याने बाजारातला अँटेना घेतलात तर ही चूक तुमच्या दारातच उभी आहे.

पावसाचे विसरू नका. पाणी जाळीतून केशाकर्षणाने फूटभर आत चढते आणि लॉस वाढत जातो. केबल वरून कोरडी दिसते. बाहेर राहणाऱ्या टोकाला आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) आणि जोडल्यावर आयपी-६७ (धूळ-पाणी आत न जाण्याची श्रेणी) अशी अट घाला. यंत्र कोकण किनाऱ्यावर जाणार असेल, तर सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या स्वस्त पितळी कनेक्टरऐवजी पॅसिव्हेट केलेले पोलादी घ्या.

याउलट, न लागणाऱ्या अटी काढून टाका. मोठ्या कंपन्यांच्या ड्रॉइंगवरून लष्करी मानकांची यादी उतरवून घेण्याचा मोह होतो. मोबाइल टॉवरवर दोन २० वॅटचे सिग्नल एकाच केबलमधून जातात, तिथे पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशनची, म्हणजे ते सिग्नल मिसळून नको असलेले नवे सिग्नल न होण्याची, अट जिवाची असते. तुम्ही केवळ सिग्नल ऐकता. ती अट घातलीत तर चाचणीचा खर्च तुमच्या माथी येईल आणि हाती काही लागणार नाही. कारागिरीसाठी मात्र आयपीसी/डब्ल्यूएचएमए-ए-६२० या मानकाचा कोणता वर्ग हवा, ते एका ओळीत लिहा, म्हणजे सोल्डर आणि क्रिंप यांवरचे वाद टळतात.

आता करार. ड्रॉइंगवर आवृत्तीचा क्रमांक असावा आणि ऑर्डरवर तोच क्रमांक लिहिलेला असावा. "किंवा समतुल्य" हे शब्द केबलच्या नावापुढून खोडून टाका. दुसऱ्या बनावटीच्या केबलमध्ये वेग दोन टक्क्यांनी वेगळा असला, तर ६०० मिमीत १२ मिमीएवढा फरक पडतो, आणि तो तुम्ही आत्ताच भोगत आहात त्यापेक्षा मोठा आहे. केबल, कनेक्टर किंवा जोडणीची पद्धत बदलण्याआधी लेखी परवानगी घ्यावी, असे लिहून घ्या. आणि ४० नगांच्या आधी चार नगांचा एक संच मागवा, तो खऱ्या पेटीत बसवा, रात्रभर छतावर ठेवा, सकाळ-दुपार मोजा, आणि मगच उरलेल्या मालाला हिरवा कंदील दाखवा. या पहिल्या संचाचे वेगळे पैसे पुरवठादाराने मागितले तर द्या. तुमच्या वरिष्ठांना ती रक्कम जास्त वाटली, तर आत्ता कपाटात पडलेल्या ४० केबल्सची किंमत शेजारी लिहून दाखवा.

त्या ४० केबल्स फेकू नका, परतही पाठवू नका. एका माणसाला एक दिवस द्या, प्रत्येक केबलवर क्रमांक टाका आणि ५.८ गिगाहर्ट्झला तिची फेज मोजा. ±५ मिमीच्या मुभेत एकूण पसारा १०० अंशांच्या आसपास, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याहून बराच कमी असल्याने, कुठली लांब आणि कुठली आखूड याचा गोंधळ होणार नाही, खात्रीसाठी २.४ गिगाहर्ट्झलाही मोजून क्रम तोच येतो का ते पाहा. मग चढत्या क्रमाने मांडून चार-चारचे दहा गट करा. माल मुभेत सारखा पसरलेला असेल तर प्रत्येक गटातला फरक १० अंशांच्या घरात येईल, आणि तेवढा तुमचा दुरुस्तीचा तक्ता सांभाळून घेईल. दोन-चार गट जुळले नाहीत तर तेवढ्याच केबल्स पुरवठादाराकडून नव्या करून घ्या, आणि त्या ऑर्डरवर या वेळी अंश लिहा.